विजेआधीचा रेडिओ

आपल्या देशातील नभोवाणीचा इतिहास बहुधा केंद्रांच्या उद्घाटनांवरून सांगितला जातो. जून १९२३ मध्ये ‘रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे’ या हौशी मंडळींच्या संस्थेने मुंबईतून पहिले कार्यक्रम प्रक्षेपित केले. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’च्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. १ मार्च १९३० रोजी ती कंपनी गुंडाळली गेली आणि १ एप्रिलपासून सरकारने नभोवाणी आपल्या हाती घेतली. ८ जून १९३६ रोजी तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. या साऱ्या तारखा बोलणाऱ्यांच्या बाजूच्या आहेत. ऐकणाऱ्यांच्या बाजूने हा इतिहास क्वचितच लिहिला जातो, आणि ज्या गावांत विजेची तार पोहोचली नव्हती अशा गावांतील श्रोत्यांच्या बाजूने तर जवळजवळ नाहीच.

वसईच्या वाचकांसाठी या इतिहासाचा आरंभ एका साध्या अंतरापासून करता येईल. १९२७ सालच्या मुंबई केंद्राच्या प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॅट होती आणि त्याचा परिणामकारक टप्पा सुमारे ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर, मानला जाई. मुंबईच्या फोर्ट विभागापासून वसईच्या किल्ल्यापर्यंतचे सरळ अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे; विरार व आगाशी साठीच्या घरात जातात. म्हणजे मुंबईचा तो पहिला आवाज वसईच्या खाडीपलीकडे येऊन जणू आपल्या उंबरठ्यावरच थबकत होता. रात्री रेडिओलहरी अधिक दूर जातात, त्यामुळे उत्तम संच असलेल्याला तो टप्प्याबाहेरही ऐकू येऊ शकला असता. प्रश्न होता तो उत्तम संचाचा. आणि त्याहून मोठा प्रश्न, तो संच चालवायचा कशावर?

काचेच्या नळीतील झडप

रेडिओ ऐकण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे स्फटिक-संच. गॅलेना या शिशाच्या खनिजाचा खडा विद्युत्लहरी ओळखू शकतो, हे आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी दाखवून दिले होते व त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले. अशा संचाला वीज किंवा बॅटरी लागत नसे. येणाऱ्या लहरीतच जेवढी शक्ती असेल तेवढ्यावर तो चाले. परंतु ती शक्ती इतकी अल्प की कानाला श्रवणयंत्र लावूनच ऐकावे लागे. एका संचावर एक, फार तर दोन माणसे. ओटीवर बसलेल्या दहा माणसांना ऐकू जाईल असा आवाज हवा असेल तर येणारा संकेत वाढवणे भाग होते. ते काम व्हॉल्व्हने केले.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आपल्याकडे तिला ‘निर्वात नलिका’ असा शास्त्रीय शब्द आहे, पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या आणि घरातल्या माणसांच्या तोंडी कायम व्हॉल्व्हच राहिला. १८८०च्या दशकाच्या आरंभी विजेच्या दिव्यावर प्रयोग करताना एडिसन यांना आढळले की, दिव्यातील तापलेल्या तंतूपासून जवळच्या धातूच्या पत्र्याकडे, मधल्या पोकळीतून, वीज वाहते. पुढे १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला, तेव्हा तापलेल्या तंतूतून बाहेर पडतात ते हेच कण, हे उमगले. ही वीज एकाच दिशेने जाते, उलट येत नाही. म्हणून इंग्रज शास्त्रज्ञ जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १६ नोव्हेंबर १९०४ रोजी या रचनेसाठी पेटंट मागितले तेव्हा ती ‘झडप’ म्हणूनच पुढे आली, आणि इंग्रजीतील झडपेचा शब्द तिला कायमचा चिकटला. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तंतू व पत्रा यांच्यामध्ये तारेची एक जाळी बसवली.

त्या जाळीचे महत्त्व आपल्या वाडीतल्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. पाटाने वाहणारे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला शेतकऱ्याला मूठभर माती पुरते. पाण्याचा सारा जोर त्या मुठीच्या आज्ञेत राहतो. त्याचप्रमाणे जाळीवर पडलेला अतिक्षीण विद्युत्दाब तंतूकडून पत्र्याकडे जाणाऱ्या मोठ्या प्रवाहाला कमी-अधिक करतो. दूरच्या केंद्राकडून आलेला कुजबुजीएवढा संकेत अशा तीन-चार नळ्यांतून गेला की खोलीभर ऐकू येणारा आवाज होतो. एकट्याने कानाला लावून ऐकण्याचा रेडिओ सर्वांनी मिळून ऐकण्याचा झाला, तो या जाळीमुळे.

तीन बॅटऱ्यांचा संसार

मात्र या सोयीची किंमत मोजावी लागे, आणि ती प्रत्येक तासाला मोजावी लागे. व्हॉल्व्हचा तंतू सतत तापता ठेवावा लागतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह हा एक छोटा दिवाच, जो उजेडासाठी नसून केवळ उष्णतेसाठी जळतो. १९२०च्या दशकातील संचाला एकूण तीन बॅटऱ्या लागत. पहिली तंतू तापवण्यासाठी. ती बहुधा काचेच्या भांड्यातील, आम्ल भरलेली, शिशाच्या पट्ट्यांची जड बॅटरी असे. दुसरी पत्र्याला दाब देण्यासाठी. तिचा दाब ६० ते १२० व्होल्ट. टॉर्चमधल्या सेलसारखे अनेक छोटे कोरडे सेल एकापुढे एक जोडून ती तयार होई. ९० व्होल्टच्या बॅटरीत असे ६० सेल असत. तिसरी, सर्वांत लहान, जाळीसाठी.

यांतील पहिली बॅटरी वारंवार भारून घ्यावी लागे, आणि ती भारायची तर जवळपास कोठेतरी वीज असायला हवी. विजेवाचून चालावा म्हणून घेतलेल्या संचासाठी बॅटरी घेऊन विजेच्या गावाला जायचे, असा हा व्यवहार होता. दुसरी बॅटरी तर भारताच येत नसे. संपली की फेकून नवी आणायची. शिवाय कोरडी बॅटरी न वापरता पडून राहिली तरी हळूहळू झिजते आणि उष्ण हवेत अधिक लवकर झिजते. किनाऱ्यावरच्या हवामानात ही गोष्ट लहान नव्हती.

बॅटरी जोडतानाही सावधगिरी लागे. दीड-दोन व्होल्टच्या तंतूला चुकून ९० व्होल्टची तार लागली तर क्षणार्धात सर्व व्हॉल्व्ह जळून जात, आणि नवे व्हॉल्व्ह परदेशातून येणारे. म्हणून पुढे दोन्ही बॅटऱ्या एकाच पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, एकाच बाजूने बसेल अशी खुंट्यांची जोडणी कंपन्यांनी देऊ केली.

या कहाणीत खरी प्रगती झाली ती तंतूच्या भुकेत. १९२० साली अमेरिकेत निघालेल्या ‘यूव्ही २०१’ या व्हॉल्व्हचा तंतू ५ व्होल्टवर १ अँपिअर प्रवाह घेई, म्हणजे ५ वॅट. थोरियम मिसळलेल्या टंगस्टनचा तंतू आल्यावर त्याच घराण्यातील ‘२०१ ए’ला पाव अँपिअर, म्हणजे सव्वा वॅट पुरू लागले. भारतात अधिक आढळणाऱ्या ब्रिटिश व डच धाटणीच्या २ व्होल्टच्या व्हॉल्व्हपैकी अनेकांना ०.१ अँपिअर, म्हणजे एक पंचमांश वॅट लागे. १९३८ ते १९४०च्या सुमारास १.४ व्होल्टचे व्हॉल्व्ह आले आणि आम्लाची बॅटरी एकदाची बाजूला झाली. तंतूही आता कोरड्या सेलवर चालू लागला. बोटाएवढ्या काचेच्या, सात खुंट्यांच्या त्या चार व्हॉल्व्हच्या संचाचे सर्व तंतू मिळून पाव अँपिअर घेत. १९५०च्या दशकात ‘डीके ९६’, ‘डीएफ ९६’, ‘डीएएफ ९६’ व ‘डीएल ९६’ ही चौकडी आली तेव्हा तोही खर्च निम्म्यावर आला. ‘डीएफ ९६’च्या तंतूची गरज ०.०३५ वॅट एवढीच होती. म्हणजे ३०-३५ वर्षांत एका तंतूची भूक सुमारे १४० पटींनी घटली.

या नावांतील पहिले अक्षरही अर्थपूर्ण आहे. युरोपीय पद्धतीत ‘डी’ म्हणजे १.४ व्होल्टचा तंतू आणि ‘के’ म्हणजे २ व्होल्टचा. व्हॉल्व्हवरचे पहिले अक्षर वाचले की तो संच विजेच्या घरासाठी घडवला होता की विजेविना राहणाऱ्या घरासाठी, हे कळते.

रुळांवरची वीज आणि वाडीतला अंधार

आता पुन्हा आपल्या भागाकडे वळू. १९२८ साली मुंबईपासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि १९३६ साली ती वीज विरारपर्यंत आली. वसईच्या खाडीवरून दीड हजार व्होल्टची तार आली. ती रुळांवरून पुढे गेली, पण रुळांच्या दोन्ही बाजूंच्या बहुतेक वाड्या-पाड्यांत रॉकेलचे दिवेच जळत राहिले. खेडोपाडी वीज नेण्याचे मोठे काम स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर झाले. मधली पंचवीस-तीस वर्षे, ज्या काळात जगाने दुसरे महायुद्ध आणि देशाने स्वातंत्र्य पाहिले, त्या काळात अशा घरांत रेडिओ आला असेल तर तो बॅटरीवरच.

जिथे प्रत्येक तासाला पैसे पडतात तिथे ऐकण्याला शिस्त येते. बातम्या लागण्याच्या वेळी संच लावायचा आणि बातम्या संपताच बंद करायचा. बॅटरीच्या व्हॉल्व्हचा तंतू पातळ असल्याने तो लगेच तापे. विजेच्या संचाप्रमाणे अर्धा मिनिट थांबावे लागत नसे, म्हणून आधीपासून लावून ठेवण्याचेही कारण नव्हते. त्या तंतूंचा उजेड इतका मंद की संच चालू राहिला आहे हे अंधारातही चटकन लक्षात येत नसे; खटका बंद केल्याची खात्री करूनच झोपायचे. माडाच्या किंवा बांबूच्या आधाराने लांब तार ताणायची, दुसरी तार जमिनीत पुरायची आणि पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की सर्व सोडवून ठेवायचे. आणि एवढ्या खटाटोपाने मिळालेला आवाज एकट्याने ऐकणे कोणालाही शोभले नसते. जिथे संच होता तिथे शेजार जमणे हे ओघाने आलेच.

दूरचे आवाज

त्या आवाजांत काय होते? १२ फेब्रुवारी १९३१ रोजी परमगुरू पोप अकरावे पायस यांनी व्हॅटिकन रेडिओचे उद्घाटन केले. ते केंद्र स्वतः गुल्येल्मो मार्कोनी यांनी उभारले होते आणि पोप महोदयांनी जगाला उद्देशून लॅटिनमध्ये भाषण केले. ख्रिस्तसभेच्या इतिहासात परमगुरूंचा आवाज त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या समुदायापलीकडे, समुद्र ओलांडून जाण्याचा तो प्रारंभ. फेब्रुवारी १९३८ मध्ये मुंबई केंद्रालाही लघुलहरींचा प्रक्षेपक मिळाला आणि तीस मैलांची मर्यादा उरली नाही.

लघुलहरींचे सामर्थ्य देशाने खऱ्या अर्थाने अनुभवले ते १९४२ साली. ‘चले जाव’ ठराव होऊन नेते तुरुंगात गेल्यावर, ऑगस्टमध्येच, मुंबईत एक गुप्त रेडिओ केंद्र सुरू झाले. २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ४२.३४ मीटरवरून ‘काँग्रेस रेडिओ’ चालवत. यंत्रसामग्रीच्या कामी ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवानी यांचे साह्य होते. पोलिसांचा सुगावा लागू नये म्हणून केंद्र मुंबईत एका जागेहून दुसऱ्या जागी हलवले जाई. वृत्तपत्रांवर निर्बंध असताना ज्या बातम्या छापता येत नव्हत्या त्या या केंद्रावरून सांगितल्या जात. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी धाड पडली आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

या प्रसंगाकडे ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहावे. बोलणारे जीव धोक्यात घालत होते. पण त्यांचे शब्द पोहोचायचे तर दुसऱ्या टोकाला तापलेला तंतू आणि न संपलेली बॅटरी हवी होती. वीज असलेल्या शहरी घरात तो प्रश्न नव्हता. खेड्यात देशाची बातमी कळणे अनेकदा एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर अवलंबून होते. ज्याच्याजवळ ते नव्हते तो दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबून राही, आणि सांगणारा आपल्या सोयीचे तेवढेच सांगू शकत होता.

ऐकणे आणि बोलणे

१९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा आकाशवाणीची सहा केंद्रे व १८ प्रक्षेपक होते. देशाचा अडीच टक्के प्रदेश आणि ११ टक्के लोकसंख्या त्यांच्या टप्प्यात येई. टप्प्यात येणे म्हणजे ऐकू येणे नव्हे, हे आतापावेतो वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. म्हणून १९५०च्या दशकात सरकारने गावोगावी सार्वजनिक संच देण्याची योजना वाढवली. जिथे वीज नव्हती तिथे हे संचही बॅटरीवरच चालणार, म्हणजे बॅटरी संपली आणि नवी वेळेवर आली नाही की गावाचा रेडिओ मुका होणार.

याच काळात आपल्या राज्यात एक प्रयोग झाला, ज्याची दखल जगाने घेतली. १९५६ साली, फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्रावरून पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांसाठी अर्ध्या-अर्ध्या तासाचे २० मराठी कार्यक्रम प्रसारित झाले. प्रत्येक गावात एक मंडळ होते. आठवड्यातून दोनदा ते जमे, कार्यक्रम ऐके, आणि नंतर संच बंद करून त्यावर चर्चा करी. मंडळाचे प्रश्न केंद्राकडे पाठवले जात व पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे येत. या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी केले. हे मूळचे ऑस्ट्रियाचे समाजशास्त्रज्ञ. डाखाऊ व बुखेनवाल्ड येथील नाझी छळछावण्यांतून ते वाचले होते. लोकांनी मोकळेपणी एकत्र बसून बोलण्याचे मोल त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

निष्कर्ष स्पष्ट होता. जिथे मंडळ होते तिथे लोकांच्या ज्ञानात चांगली भर पडली. जिथे नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथे फारसा फरक पडला नाही. १९५९ साली हीच पद्धत ‘रेडिओ ग्रामीण मंच’ म्हणून देशभर नेण्यात आली. मला वाटते, या मंडळांनी नवे असे काही निर्माण करण्याऐवजी जुन्याच गोष्टीला व्यवस्थित रूप दिले. महाग बॅटरीमुळे माणसे एका संचाभोवती जमतच होती. ऐकून उठून न जाता बोलत बसण्याला त्या प्रयोगाने जागा व वेळ दिला.

अखेरचे व्हॉल्व्ह

बंगळूरच्या ‘भारत इलेक्ट्रॉनिक्स’ने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह देशात बनवायला आरंभ केला, पण त्यांचे दिवस भरत आले होते. १९४७ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला होता आणि १९५४ साली पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. ट्रान्झिस्टरला तंतूच नाही, त्यामुळे त्याला तापवण्याचा खर्चही नाही. १९२०पासून तंतूची भूक कमी करण्याची जी धडपड चालली होती तिचा शेवट तंतूच नाहीसा होण्यात झाला. टॉर्चच्या सेलवर चालणारा रेडिओ खिशात, सायकलवर, शेताच्या बांधावर गेला. पाठोपाठ वीजही आली. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. गरिबाच्या कानावरचा कर त्यामुळे उतरला. मात्र त्याचबरोबर एका संचाभोवती जमण्याचे कारणही उरले नाही.

घरांच्या आशीर्वादाच्या निमित्ताने जुन्या घरांत जाणे होते, तेव्हा माळ्यावर किंवा कपाटामागे असा एखादा लाकडी संच अजून दिसतो. पुष्कळदा तो घर पाडताना भंगारात जातो. अशा कुटुंबांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, असा संच कुतूहलापोटी भिंतीवरच्या विजेला कधीही जोडू नये; तो बॅटरीचा असेल तर जळेल आणि जोडणाऱ्यालाही धक्का बसेल. मागचे झाकण जाणकाराकडून काढून व्हॉल्व्हवरचे पहिले अक्षर आधी वाचून घ्यावे. दुसरी, संचासोबत पोस्टातून मिळणाऱ्या परवान्याची पुस्तिका असेल तर ती जपावी. रेडिओला परवाना लागण्याची पद्धत १९८०च्या दशकात संपली. पण त्या पुस्तिकेत संच कोणाच्या नावे, कोणत्या साली व कोठे होता याची नोंद असते.

तिसरी गोष्ट सर्वांत निकडीची आहे. संचाने काय ऐकवले ते ग्रंथांत सापडेल; आपल्या गावात तो कोणी ऐकला, बॅटरी कोठून आणली, कोणत्या बातमीला किती माणसे जमली आणि नंतर त्यांनी आपसात काय बोलणी केली, हे फक्त माणसांच्या आठवणीत आहे. ती माणसे आज ऐंशी-नव्वदीत आहेत. आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिकांत चर्चच्या इमारतींचा, धर्मगुरूंचा व शाळांचा इतिहास काळजीपूर्वक लिहिलेला असतो. त्यातच दोन पाने या श्रोत्यांसाठी ठेवावीत. घरातील तरुणांनी वही घेऊन आजी-आजोबांजवळ बसावे आणि ते सांगतील ते, त्यांच्याच बोलीत, लिहून काढावे. त्यासाठी बॅटरी लागणार नाही. थोडा वेळ तेवढा काढावा लागेल.